बारावीनंतरचे एक वर्ष
(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



जून महिना उजाडला की समाजातील घराघरांतून एकच विषय निघतो. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, प्रवेश परीक्षांचे गुण हाती आलेले असतात, आणि ज्या घरी अपेक्षेपेक्षा थोडे गुण कमी पडले त्या घरी काका, मामा, आत्या असे सारे मिळून ठरवतात की मुलाने एक वर्ष ‘ड्रॉप’ घ्यावा. मग लातूरला खोली पाहिली जाते, कोट्याची चौकशी होते, ‘रिपीटर बॅच’चे शुल्क भरले जाते. मुलगा वर्षभर तीच पुस्तके पुन्हा वाचतो. नातेवाइकांत त्याला कोणी नावे ठेवीत नाही. उलट लग्नसमारंभात भेटणारा प्रत्येक जण आस्थेने विचारतो, “तयारी कशी चालली आहे?” त्या वर्षाला कोणीही वाया गेलेले वर्ष म्हणत नाही.

आता याच मुलाने वा मुलीने जेवणाच्या वेळी सांगितले की, “एक वर्ष गावच्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करायचे आहे, कॉलेज पुढच्या वर्षी,” तर त्या घरात काय होईल याची कल्पना करणे अवघड नाही. आई पानावरून उठेल, वडील दुकानातून फोन करून मोठ्या भावाला बोलावून घेतील, आणि आजोबा म्हणतील, “सेवा जरूर कर बेटा, पण आधी शिकून घे.” वर्ष तेच, बारा महिन्यांचेच, एक गुणांसाठी दिलेले आणि दुसरे माणसांसाठी दिलेले. पहिल्याला गुंतवणूक म्हणायचे आणि दुसऱ्याला नुकसान, हा हिशेब हिशेबात मुरलेल्या समाजाने एकदा तपासून पाहावा, एवढाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

शालेय शिक्षण संपल्यावर आणि विद्यापीठीय शिक्षण सुरू होण्यापूर्वी सेवेसाठी एक वर्ष देणे हा विचार परदेशातून आला, असा सर्वसाधारण समज आहे. ‘गॅप इयर’ हा शब्द इंग्रजी आहे, एवढ्यापुरता तो समज खरा मानता येईल. परंतु ही सूचना स्वतंत्र भारतात सरकारी पातळीवर झालेली होती, आणि ती करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मराठी गृहस्थ होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यातच, म्हणजे १९५२ साली, विद्यार्थ्यांनी एक वर्ष सामाजिक सेवा व श्रमसेवा करण्याच्या गरजेवर भर दिलेला आढळतो. पुढे १९५८ साली पंतप्रधान पंडित नेहरूंनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, पदवी मिळवण्यासाठी समाजसेवा ही पूर्वअट असावी, असा विचार मांडला आणि शिक्षण मंत्रालयाला त्याची योजना आखण्यास सांगितले. १९५९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत त्याचा आराखडा चर्चेला आला आणि त्याच वर्षी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली.

चिंतामणराव कोण, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगणे नलगे. युवकांसाठी मात्र थोडे सांगावयास हवे. महाडजवळील नाते या गावी १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, आणि इंग्लंडात आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा त्याग केला, हे महाराष्ट्र कधी विसरणार नाही. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. म्हणजे परीक्षांच्या शर्यतीत ज्यांनी सर्वांना मागे टाकले आणि देशाच्या तिजोरीचा हिशेब ज्यांनी ठेवला, अशा माणसासमोर हा प्रश्न आला होता. त्यांना वर्षाची किंमत कळत नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

देशमुख समितीने शिफारस केली ती अशी: माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात वा विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी. तीत काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असे चार भाग असावेत. पदवीच्या मध्येही नव्हे आणि पदवीनंतरही नव्हे. नेमके महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर. या जागेच्या निवडीत फार मोठा विचार आहे. अठराव्या वर्षी मुलाच्या डोक्यावर कर्ज नसते, संसार नसतो, आणि आपण कोण होणार हे त्याला अजून पक्के ठाऊक नसते. पदवीनंतर या तिन्ही गोष्टी बदलतात.

शिफारस स्वीकारली गेली नाही. कारणे दोन सांगण्यात आली, खर्चाचा भार आणि अंमलबजावणीतील अडचणी. ती खोटीही नव्हती. लाखो मुलांची वर्षभर राहण्या-जेवण्याची व्यवस्था, त्यांच्यावर देखरेख करणारी माणसे, त्यांना पुरेल एवढे खरेखुरे काम, हे सारे त्या काळच्या गरीब देशाने उभे करायचे कोठून? १९६० साली प्रा. के. जी. सैयदेन यांनी अन्य देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून सरकारला अहवाल दिला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सेवेशी जोडावे असे सुचवले. आणि अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीच आपल्या मुलांना परिचयाची असलेली ‘एन.एस.एस.’

या योजनेने अनेक चांगली माणसे घडवली, याविषयी दुमत नाही. तथापि वर्षाची मागणी येथे तासांवर आली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर. शिबिराच्या गावी मुले जातात, रस्ता झाडतात, प्रभातफेरी काढतात, रात्री पथनाट्य करतात, आणि आठव्या दिवशी परततात. (वृक्षारोपणाचा खड्डा दरवर्षी त्याच जागी खणला जातो, हा विनोद महाविद्यालयांतून जुना झाला आहे.) सात दिवसांत गाव पाहुणचार करते, आपली दुखणी दाखवायला गावाला सात महिने लागतात. तासांची सेवा आणि वर्षाची सेवा यांत जे अंतर आहे ते लांबीचे कमी आणि जातीचे अधिक आहे. तासांच्या सेवेत कंटाळा येण्यापूर्वीच माणूस घरी जातो. वर्षाच्या सेवेत कंटाळा येतो, चिडचिड होते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, आणि त्यानंतरही सकाळी उठून त्याच दाराशी जावे लागते. शिक्षण तेथे सुरू होते.

भारतात हा विचार कागदावर राहिला, त्याच सुमारास अन्यत्र तो प्रत्यक्षात आला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. ती बंद करण्याचा निर्णय १९५७ साली जाहीर झाला. ॲलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांच्या मनात आले की शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांच्या आयुष्यात आता एक मोकळी जागा निर्माण होत आहे. ती सेवेने भरता येईल. १९५८ साली एका बिशपच्या सहीचे पत्र ‘संडे टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था उभी राहिली. प्रारंभी केवळ मुलगे घेतले जात. राहण्याची साधी सोय आणि हातखर्च एवढ्यावर ती अठरा वर्षांची मुले दूरदेशी वर्षभर राबत.

परंतु चारच वर्षांत, १९६२ साली, संस्थेने शालेय मुलांऐवजी पदवीधर पाठवण्याकडे मोर्चा वळवला. कारण सरळ होते. ज्या देशांत हे स्वयंसेवक जात त्यांना शिक्षक, अभियंते, परिचारिका हव्या होत्या. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते कौशल्य असणार? आपल्या घरातील आजोबांचा “आधी शिकून घे” हा आक्षेप तो हाच, आणि तो सहजी उडवून लावण्यासारखा नाही. आजही आपल्या देशात युवकांसाठी जे नावाजलेले उपक्रम आहेत ते बहुतेक पदवीच्या आसपासच्या वा नंतरच्या वयासाठी आहेत. डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम अठरा ते अठ्ठावीस वयोगटासाठी आहे. ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची फेलोशिप पदवीधरांसाठी आहे.

डिक्सन यांनी या आक्षेपाला दिलेले उत्तर कृतीचे होते. त्यांनी १९६२ सालीच ब्रिटनमध्येच सेवा करणाऱ्या युवकांसाठी ‘कम्युनिटी सर्व्हिस व्हॉलंटिअर्स’ ही दुसरी संस्था काढली आणि तिचा नियम ठेवला की सेवेस येणाऱ्या कोणालाही नाकारायचे नाही. सुधारगृहांतील मुलांनाही तेथे काम मिळाले. जी मुले स्वतः समाजाचे ओझे समजली जात, ती अपंगांना फिरवून आणू लागली, वृद्धांना जेवू घालू लागली. कौशल्याची गरज असते हे खरे. परंतु जगातील बरेचसे दुःख असे आहे की त्याला तज्ज्ञ लागत नाही, सवडीचे माणूस लागते. डोळ्यांनी अधू झालेल्या गृहस्थाला वर्तमानपत्र वाचून दाखवणे, डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्या एकट्या बाईसोबत रिक्षात बसणे, तिसरीतल्या ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याच्या शेजारी रोज अर्धा तास बसणे, यांतले काय पदवीवाचून अडते?

जर्मनीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे हे वर्ष अपवाद राहिले नाही, ते सर्वसामान्य घरांतले झाले. १९५४ साली बव्हेरियातील नॉयेनडेटेल्साउ या गावच्या एका शुश्रूषासंस्थेचे प्रमुख हेरमान डीट्झफेल्बिंगर यांनी तरुण मुलींना आवाहन केले की आयुष्यातील एक वर्ष रुग्ण, वृद्ध आणि बालके यांच्यासाठी द्यावे. युद्धोत्तर काळात शुश्रूषेला माणसे मिळेनाशी झाली होती. मुली आल्या. अन्य संस्थांनी अनुकरण केले आणि दहा वर्षांनी, १९६४ साली, या स्वेच्छेच्या सामाजिक वर्षाला कायद्याचे रूप मिळाले. १९९३ साली पर्यावरणाच्या कामासाठी तसेच वर्ष कायद्याने मान्य झाले. २०११ साली सक्तीची लष्करी भरती स्थगित झाली आणि तिच्याबरोबर, शस्त्र हाती न घेणाऱ्या तरुणांकडून घेतली जाणारी पर्यायी नागरी सेवाही संपली; तेव्हा रुग्णालये व वृद्धाश्रम ओस पडू नयेत म्हणून सर्व वयांच्या नागरिकांसाठी संघराज्यीय स्वयंसेवा सुरू करण्यात आली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या व्यवस्थेची घडी. मुले आठवडाभर पूर्णवेळ काम करतात. सवडीने येऊन जात नाहीत. त्यांना पगार नसतो, परंतु हातखर्च मिळतो, आणि त्याची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. विम्याचा भार काम देणारी संस्था उचलते. पालकांना मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता त्या वर्षात बंद होत नाही. बारा महिन्यांच्या सेवेत पंचवीस दिवस अभ्यासवर्गाचे असतात. त्यांत ही मुले एकत्र बसून आपण काय पाहिले, कशाने हादरलो, कोठे चुकतो आहोत, यांवर बोलतात. मुलाला नेमून दिलेले काम साहाय्यकाचे असावे, त्याच्यामुळे कोणा पगारी माणसाची नोकरी जाऊ नये, अशी काळजी घेतली जाते. आणि पालकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असे की, ज्याला सेवेपूर्वी विद्यापीठात प्रवेश मिळालेला आहे, त्याचा हक्क सेवेमुळे बुडत नाही. थोडक्यात, मुलाच्या सद्भावनेवर सारे सोपवून तेथील समाज मोकळा झाला नाही. त्याने त्या सद्भावनेखाली पाया घातला.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ साली असाच उपक्रम सुरू केला. प्रवेश मिळालेल्या निवडक विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात बसण्यापूर्वी नऊ महिने शुल्क न घेता परदेशी सेवेसाठी पाठवायचे, अशी ती योजना. पहिल्या तुकडीच्या चार ठिकाणांपैकी एक आपले वाराणसी होते. जगातील नामांकित विद्यापीठ आपल्या हुशार मुलांना शिकवण्याआधी आपल्याकडे पाठवते, आणि त्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून धडपडणाऱ्या आपल्या मुलाला आपण बारावीनंतर एक महिनाही मोकळा सोडीत नाही! यातील गंमत पालकांनी स्वतःच पाहावी.

मात्र या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सेवेने सेवेकऱ्याचे भले होते हे खरे. ज्याची सेवा करायची त्याचे काय? १९६८ साली मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले आणि त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही येथे पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे जीवन कळत नाही, त्यांच्यावर उपकार करायला निघणे हा अहंकार आहे, असा त्यांचा रोख होता. ते शब्द कडवट होते, पण पुढच्या काळाने ते खरे ठरवले. पर्यटन आणि सेवा यांची सांगड घालून पैसे घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत परदेशी स्वयंसेवकांच्या देणग्यांवर अनाथालये वाढली आणि तेथे अशी मुले ठेवली गेली की ज्यांचे आई वा वडील हयात होते. दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि छायाचित्रे काढून निघून जातो. त्या लेकरांच्या मनावर काय घाव होत असतील? ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या या व्यापाराची दखल घ्यावी लागली.

तेव्हा सेवावर्षाची पहिली कसोटी हीच की सेवा कोणाच्या सोयीची आहे. वाढदिवसाला वृद्धाश्रमात केक कापून येणे आपल्या समाजात रूढ झाले आहे. त्यात वाईट हेतू नसतो. पण वृद्धाश्रमातील माणसे त्या दिवशी दुपारची झोप सोडून रांगेत बसवली जातात, हेही खरेच. ज्या मुलाला वर्ष द्यायचे आहे त्याने ते एकाच जागी द्यावे, आपल्या भाषेच्या मुलखात द्यावे, आणि तेथे ज्याची खरोखर उणीव आहे ते काम मागावे. बहुधा ते फोटो काढण्याजोगे नसते. रुग्णालयात फाइल शोधणे, बाहेरगावच्या रुग्णाला कोणत्या खिडकीवर जायचे ते दाखवणे, आयुष्मान कार्डाचा वा महात्मा फुले योजनेचा अर्ज भरून देणे, पांजरपोळात पहाटे शेण काढून चारा टाकणे, शाळेत जाऊन मागे पडलेल्या चार मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणे. लहान मुलांच्या संस्थेत जायचे असेल तर पूर्ण वर्षाची तयारी असल्याखेरीज जाऊच नये.

आणखी एक गोष्ट पालकांनी व मुलांनी आधीच समजून घ्यावी. पहिले दोन-तीन महिने हा मुलगा त्या संस्थेला उपयोगी पडण्याऐवजी तिच्यावर भारच असतो. त्याला शिकवायला तेथील परिचारिकेला वा शिक्षिकेला आपले काम बाजूला ठेवावे लागते. म्हणूनच महिन्याभराची सेवा ही प्रत्यक्षात त्या संस्थेने मुलावर केलेली सेवा असते. ती परत फेडायची तर पुढचे नऊ महिने लागतात.

आता आपल्याकडील अडचणींचा विचार. त्या खऱ्या आहेत आणि त्यांचा उल्लेख न करता सेवेचा उपदेश करणे सोपे आहे. ब्रिटनमध्ये अर्ज करतानाच पुढील वर्षाचा प्रवेश मागता येतो. आपल्याकडे अभियांत्रिकी वा वैद्यकीयसाठी मिळालेली जागा सामान्यतः वर्षभर राखून ठेवता येत नाही. एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीट यांचे गुण त्या त्या वर्षाच्या प्रवेशापुरतेच धरले जातात. जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा तर सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणजे सेवावर्ष घेणाऱ्यास बारावीच्या वर्षी एकदा आणि त्याच्या पुढील वर्षी एकदा, एवढीच संधी. नीटला मात्र अशी प्रयत्नांची मर्यादा नाही. याचा अर्थ असा की ज्याला आय.आय.टी.चेच ध्येय आहे आणि तयारी अर्धवट आहे, त्याने सेवावर्षाच्या वाटेस जाऊ नये. दोन्हीकडून हात रिकामे राहतील. उलट ज्यांचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, अशा कला, वाणिज्य, विज्ञानाच्या अनेक पदवी अभ्यासक्रमांत अडचण फारच थोडी आहे. पुढील वर्षी अर्ज करताना मधल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र, ज्याला ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात, ते जोडावे लागते. शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी खंडाविषयीचा नियम आधी विचारून घ्यावा, नंतर धावपळ करू नये.

आपल्या समाजातील बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेला जातात. म्हणजे ज्यांना ही अडचण सर्वांत कमी, तीच मुले इतक्या घाईने बी.कॉम.च्या वर्गात, सी.ए.च्या क्लासमध्ये आणि मग पेढीच्या गादीवर जाऊन बसतात की गाव त्यांना काउंटरच्या एकाच बाजूने दिसते.

मुलींच्या बाबतीत पालकांची काळजी निराळी असते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु जर्मनीत या चळवळीची सुरुवात मुलींपासून झाली, हे येथे ध्यानात घ्यावे. दूरदेशी जाणे हा सेवावर्षाचा अटळ भाग नाही. मुलगी घरी राहील, सकाळी नऊला सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाईल आणि पाचला परत येईल. तिचे वर्ष परदेशी गेलेल्या मुलाच्या वर्षाहून उणे ठरत नाही. कदाचित काकणभर सरसच ठरेल, कारण ज्या बाईला ती औषधाची वेळ समजावून सांगेल ती बाई उद्या बाजारात तिला ओळखेल.

असे वर्ष घालवलेल्या मुलाच्या अभ्यासाचे काय होते, हा प्रश्न पालक विचारणारच. सिडनी विद्यापीठातील संशोधक अँड्रयू मार्टिन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की शाळेत अभ्यासाची ओढ कमी असलेली मुले मधले वर्ष घेण्याकडे अधिक वळतात आणि ते वर्ष घेतलेल्यांची विद्यापीठातील ओढ चांगली असते. ऑस्ट्रेलियातील अनुभव जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे नाही. पण वर्षभर रुग्णालयाच्या खिडकीवर उभा राहिलेला मुलगा वाणिज्य शाखेत विमा हा धडा वाचील, तेव्हा तो केवळ गुणांसाठी वाचणार नाही, एवढे समजायला संशोधनाची आवश्यकता नाही. त्याच्याजवळ प्रश्न असतील. महाविद्यालयात उत्तरे पुष्कळ मिळतात. प्रश्न घेऊन येणारी मुले तेथे दुर्मिळ असतात.

राहिला व्यवस्थेचा मुद्दा. देशमुख समितीची शिफारस ज्या दोन कारणांनी बाजूला पडली, तो खर्च आणि ती अंमलबजावणी, राष्ट्राच्या पातळीवर अवघड होती. एका गावाच्या, एका न्यासाच्या पातळीवर ती तितकी अवघड नाही. पन्नास वर्षे चाललेल्या संस्थेजवळ लोकांचा विश्वास असतो, डॉक्टर व मुख्याध्यापक यांची ओळख असते, वसतिगृहाच्या दोन-चार खोल्या असतात. दरवर्षी चार मुलांपासून आरंभ करता येईल, दोन मुलगे आणि दोन मुली. ज्या ठिकाणी ती जातील त्या संस्थेशी लेखी करार असावा: काम कोणते, वेळ कोणती, देखरेख कोणाची, सुट्या किती, तक्रार कोणाकडे करायची. जेथे लहान मुले वा एकाकी वृद्ध आहेत तेथे पाठवण्यापूर्वी स्वयंसेवकाची नीट चौकशी व्हावी. मुलांचा अपघात विमा उतरवावा. हातखर्च सर्वांना सारखा द्यावा, श्रीमंत घरच्यालाही द्यावा आणि त्याने तो घ्यावा; नाहीतर सेवावर्ष हा पैसेवाल्यांचा छंद होऊन बसेल आणि ज्या घरी मुलाची कमाई दोन वर्षांनी लागणार आहे ते घर बाहेरच राहील. दर महिन्याच्या एका रविवारी ही चार मुले व एखादे निवृत्त शिक्षक किंवा डॉक्टर यांनी दोन तास एकत्र बसावे. वर्षाअखेरी कामाचा तपशील लिहिलेले प्रमाणपत्र द्यावे. गॅप सर्टिफिकेटसोबत ते उपयोगी पडेल.

सत्कार मात्र करू नये. निदान वर्ष पूर्ण होईपर्यंत शाल, श्रीफळ आणि व्यासपीठ यांपासून या मुलांना दूर ठेवावे. आणि एखादा मुलगा चौथ्या महिन्यात म्हणाला की, “हे माझ्याच्याने होत नाही,” तर त्याला घरी येऊ द्यावे आणि त्याची चर्चा बाजारात होऊ देऊ नये. ते स्वेच्छेचे वर्ष आहे, शिक्षा नव्हे.

समाज देणगी देण्यात कधी मागे राहिलेला नाही, हे या सभागृहातील संगमरवरी फलकांवरून दिसतेच. आता जी मुले अकरावीत आहेत त्यांच्या पालकांना या विषयावर घरात बोलायला वर्षाहून अधिक अवधी आहे. बारावीच्या निकालानंतर हा विषय काढला तर उशीर झालेला असतो, कारण तोवर लातूरच्या खोलीची अनामत भरलेली असते. इच्छुक मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस आपल्या पसंतीच्या ठिकाणी काम करून पाहावे, आणि आईवडिलांपैकी एकाने निदान एक दिवस तेथे सोबत जाऊन बसावे.